गंगोत्री हिमनदी आणि गोमुख: जाण्यापूर्वी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चारधाम यात्रेला जाणारे बहुतेक मराठी यात्रेकरू गंगोत्रीच्या मंदिरात दर्शन घेतात, घाटावर पाय बुडवतात आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी परतीला लागतात. भागीरथी ज्या बर्फातून बाहेर पडते ते गोमुख मात्र मंदिरापासून सुमारे १८ किलोमीटर पुढे आहे आणि तेथे गाडी जात नाही. ती वाट चालून हिमनदी पाहू इच्छिणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

हिमनदी म्हणजे नेमके काय? रोहतांगला आम्ही बर्फात खेळलो, ती हिमनदीच होती का?

नव्हे. रोहतांगला किंवा गुलमर्गला सहलीत पायांखाली येते ते त्या हंगामात पडलेले हिम असते आणि उन्हाळा सरता सरता ते वितळून जाते. हिमनदी तयार होण्यास फार मोठा काळ लागतो. उंच डोंगरांवर दरवर्षी पडणारे सगळेच हिम वितळत नाही. उरलेल्या हिमावर पुढच्या वर्षीचा थर बसतो, वरच्या भाराने खालच्या थरांतील हवा निघून जाते आणि भुसभुशीत हिमाचा अखेर दगडासारखा घट्ट बर्फ होतो. हा बर्फ पुरेसा जाड झाला की तो स्वतःच्याच वजनाने उताराकडे सरकू लागतो. तो सरकतो म्हणून ती नदी. बोलण्यात आपण हिम आणि बर्फ हे शब्द एकाच अर्थाने वापरतो, परंतु येथे तेवढा फरक पाळला तर पुढील उत्तरे समजणे सोपे जाईल. गढवालात हिमनदीला ‘बामक’ म्हणतात. नकाशावर मेरू बामक, डोकरियानी बामक अशी नावे दिसली तर त्या हिमनद्याच आहेत असे समजावे.

गंगोत्री हिमनदी किती मोठी आहे आणि गोमुख तिच्या कोणत्या भागात येते?

चौखंबा शिखरसमूहाच्या कुशीत उगम पावून वायव्येकडे उतरणारी ही हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब असून तिची रुंदी ठिकठिकाणी अर्ध्या किलोमीटरपासून अडीच किलोमीटरपर्यंत भरते. चौखंब्याचे सर्वोच्च शिखर ७,१३८ मीटर उंच आहे. वाटेत कीर्ती, स्वच्छंद यांसारख्या उपहिमनद्या तिला येऊन मिळतात; रक्तवर्ण आणि चतुरंगी याही तिच्याच परिवारातील, पण आता त्यांचा मुख्य प्रवाहाशी असलेला संबंध क्षीण झाला आहे. या संपूर्ण पसाऱ्याचे सर्वांत खालचे टोक, जेथे बर्फ संपतो आणि वितळलेले पाणी भुयारासारख्या तोंडातून बाहेर येते, ते गोमुख होय. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटर आहे. म्हणजे गोमुखाला जाणारा पर्यटक ३० किलोमीटरच्या हिमनदीचे केवळ शेवटचे टोक पाहत असतो. ही गोष्ट आधीच लक्षात असलेली बरी.

छायाचित्रांत दिसते तशी शुभ्र किंवा निळसर हिमनदी तेथे पाहायला मिळते का?

परत आलेल्यांची सर्वांत मोठी निराशा याच बाबतीत होते. गंगोत्री हिमनदीचा खालचा भाग दगड, वाळू आणि मातीने झाकलेला आहे. दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून सतत खडक कोसळत असतात. ते बर्फावर पडतात, बर्फाबरोबर खाली वाहत येतात आणि खालच्या टोकाशी बर्फ वितळत जातो तसतसे मागे उरलेले दगड वर साचत जातात. परिणामी दुरून पाहणाऱ्याला समोर एखाद्या धरणाच्या कामावरचा राडारोडा पसरला असावा असे वाटते. बर्फ उघडा दिसतो तो मुखाच्या उभ्या कड्यावर आणि वरच्या बाजूस पडलेल्या भेगांमध्ये, आणि तेथेही तो मळकट करडा असतो. क्वचित एखादा ताजा तुकडा निखळला की आतली निळाई काही काळ दिसते.

तरीही हे दृश्य नीट पाहण्यासारखे आहे, असे आमचे मत आहे. पायांखालचे दगड बारकाईने पाहिले तर त्यांच्या कडा धारदार असल्याचे जाणवते, कारण ते नदीच्या पाण्याने घासून गोल झालेले नाहीत, बर्फाने उचलून आणले आहेत. हिमनदीने पूर्वी दोन्ही काठांवर टाकलेल्या दगडमातीचे लांबलचक बांध, ज्यांना भूगोलाच्या पुस्तकात हिमोढ म्हणतात, ते आजच्या बर्फाच्या पातळीपेक्षा कितीतरी वर उभे दिसतात आणि एके काळी बर्फ कोठवर होता ते सांगतात. पाण्याचा रंगही पाहावा. ते दुधाळ करडे असते, कारण बर्फाच्या तळाशी अडकलेले दगड खालच्या खडकावर घासून त्याचे अक्षरशः पीठ करतात आणि ते पीठ पाण्यात तरंगत राहते. शुभ्रपणा हवाच असेल तर मान वर करावी. ६,५४३ मीटर उंचीचे शिवलिंग आणि भागीरथीची तीन शिखरे त्यासाठी समोर आहेत.

जाण्यासाठी योग्य महिना कोणता?

गंगोत्री राष्ट्रीय उद्यानाचे दरवाजे साधारणपणे १ एप्रिलला उघडतात आणि ३० नोव्हेंबरला बंद होतात. मंदिर मात्र अक्षय्य तृतीयेला उघडते आणि दिवाळीनंतर अन्नकूटाच्या दिवशी बंद होऊन देवीची उत्सवमूर्ती हिवाळ्यासाठी मुखबा गावी जाते. एप्रिलमध्ये आणि मेच्या पहिल्या आठवड्यांत वाटेवर हिम साचलेले असते. मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वाट मोकळी असली तरी यात्रेची गर्दी कळसाला पोहोचलेली असते. जुलै आणि ऑगस्ट सरळ टाळावेत. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ आम्हाला सर्वांत चांगला वाटतो: पाऊस ओसरलेला असतो, हवा स्वच्छ असल्याने शिखरे दिवसभर दिसतात आणि भूर्जवृक्षांची पाने पिवळी पडू लागलेली असतात. गणपती उरकून निघणाऱ्यांना हा काळ सोयीचाही पडतो. रात्री मात्र पारा शून्याखाली जातो.

श्रावणाविषयी एक सूचना आवश्यक आहे. उत्तर भारतात पौर्णिमान्त पंचांग पाळले जाते, त्यामुळे तेथील श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. कावड यात्रा त्याच पंधरवड्यात, म्हणजे आपल्या आषाढाच्या वद्य पक्षात होते. त्या दिवसांत हरिद्वार आणि ऋषिकेशच्या रस्त्यांवर कावडियांचे लोंढे असतात आणि वाहतूक तासन्‌तास अडते. ‘आपला श्रावण अजून लागायचा आहे’ असा हिशेब करून निघालेले मराठी प्रवासी या गर्दीत हमखास सापडतात.

परवाना लागतो का?

लागतो. गोमुखाची वाट राष्ट्रीय उद्यानातून जाते आणि दिवसाला जास्तीत जास्त १५० जणांनाच प्रवेश दिला जातो. परवाना वनविभाग देतो, त्यासाठी छायाचित्र असलेले ओळखपत्र लागते आणि साध्या परवान्याची मुदत साधारणपणे दोन दिवसांची असते, म्हणजे एक मुक्काम करून परत येता येईल इतकी. हा परवाना आणि उत्तराखंड पर्यटन विभागाकडे करावयाची चारधाम यात्रेची नोंदणी या दोन वेगळ्या बाबी आहेत. एक केली म्हणजे दुसरी झाली असे नाही. मे आणि जूनमध्ये १५० ची संख्या लवकर भरते, म्हणून गंगोत्रीला पोहोचल्यावर पाहू, या भरवशावर राहू नये. गोमुखाच्या वर असलेल्या तपोवन या पठारावर किंवा त्यापुढे जायचे असल्यास गिर्यारोहणाच्या नियमांनुसार वेगळी परवानगी आणि नोंदणीकृत मार्गदर्शक लागतो.

कनखू येथील तपासणी चौकीवर परवाना पाहिला जातो आणि सोबतच्या प्लॅस्टिकच्या वस्तू मोजून त्यांची नोंद केली जाते. परतताना तितक्याच वस्तू दाखवाव्या लागतात. याचा कंटाळा करू नये. वेफर्सची पाकिटे घरीच सोडून खाऊ कापडी पिशवीत भरून नेला तर मोजण्यासारखे फारसे काही उरतच नाही.

महाराष्ट्रातून कसे जावे आणि किती दिवस काढावेत?

रेल्वेने हरिद्वार किंवा ऋषिकेश, अथवा विमानाने डेहराडून गाठावे. ऋषिकेशहून चंबा आणि धरासूमार्गे उत्तरकाशी सुमारे १७० किलोमीटर आहे आणि तेथून भटवाडी, गंगनानी, हर्षिल, भैरोंघाटी करत गंगोत्री आणखी १०० किलोमीटर. अंतर ऐकून पुणे ते कोल्हापूर आठवते, पण हा घाटाचा रस्ता आहे आणि त्याला दोन दिवस द्यावेत. पहिला मुक्काम उत्तरकाशीला, दुसरा २,६०० मीटरच्या आसपास असलेल्या हर्षिलला, तिसरा गंगोत्रीला, चौथा गोमुखाच्या वाटेवरील भोजबासाला. पाचव्या दिवशी पहाटे गोमुख पाहून गंगोत्रीला परत, आणि मग दोन दिवसांत खाली. शिवाय दोन दिवस मोकळे ठेवावेत, कारण रस्ता बंद पडला तर परतीचे आरक्षण कोणासाठी थांबत नाही. घरापासून घरापर्यंत अकरा-बारा दिवस धरले तर प्रवास घाईचा होत नाही. चारही धाम आणि गोमुख एकाच दहा दिवसांच्या सहलीत बसवून देतो असे कोणी सांगत असेल तर तो कार्यक्रम न स्वीकारलेलाच बरा.

प्रत्यक्ष वाट कशी आहे?

गंगोत्री सुमारे ३,१०० मीटरवर आहे. मंदिरामागून वाट चढू लागते आणि दोन किलोमीटरवर कनखूची चौकी येते. त्यापुढे भागीरथीला उजव्या हाताला ठेवून वाट दरीच्या कडेने जाते; चढ सौम्य आहे, पण तो संपत नाही. नवव्या किलोमीटरच्या आसपास चीडबासा लागते. उंच वृक्षांची ही शेवटची दाट सावली, म्हणून बहुतेक जण येथे जेवणासाठी थांबतात.

चीडबासाच्या पुढचा टप्पा सर्वांत धोक्याचा आहे. स्थानिक लोक ज्याला ‘गीला पहाड’ म्हणतात त्या ठिसूळ उतारावरून दगड सतत घरंगळत असतात, विशेषतः दुपारी ऊन तापल्यावर आणि वारा सुटल्यावर. या भागात छायाचित्रांसाठी थांबू नये, कानात गाणी लावून चालू नये, आणि दोघांमध्ये अंतर ठेवून पण रेंगाळल्याशिवाय पुढे जावे. वरून दगड येताना दिसण्यापूर्वी त्याचा आवाज येतो, हे तेथील हमालांचे साधे शहाणपण आहे. भोजबासाला चौदा किलोमीटर पुरे होतात आणि दरी एकदम रुंदावते. हे ठिकाण सुमारे ३,८०० मीटरवर आहे.

भोजबासाचे नाव भोजपत्राच्या, म्हणजे भूर्जवृक्षाच्या वनावरून पडले, पण आज तेथे वन म्हणावे इतके वृक्ष उरलेले नाहीत. यात्रेकरूंच्या चुली आणि जनावरांची चराई यांनी ते संपवले. गिर्यारोहक डॉ. हर्षवंती बिष्ट यांनी या भागात अनेक वर्षे भूर्जाची रोपे लावून जगवण्याचे काम केले आहे. कुंपणातली ती झाडे दिसली तर आत शिरू नये. सकाळी लवकर समोरच्या उतारांवर भरल नावाच्या निळसर राखी रंगाच्या जंगली मेंढ्या हमखास दिसतात. हिमबिबट्याही या उद्यानात आहे, पण त्याने स्वतःहून दर्शन द्यावे अशी अपेक्षा धरू नये.

आम्ही सह्याद्रीत नेहमी ट्रेक करतो. वेगळी तयारी लागेल का?

पायांची तयारी तुमच्याकडे आहे, आणि ती उपयोगी पडेल. फुप्फुसांची मात्र नाही. कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर १,६४६ मीटर उंच आहे. गंगोत्रीच्या बसथांब्यावर उतरताच आपण त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर असतो. गोमुखाजवळ हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरील दाबाच्या सुमारे ६० टक्केच असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात कमी होतो. मुंबईचा किंवा कोकणातील माणूस समुद्रसपाटीवरून निघून चार दिवसांत तेथे पोहोचणार असतो आणि शरीराला हा बदल समजायला वेळ लागतो. वेळ हाच यावरचा उपाय आहे. रोज सकाळी धावल्याने विरळ हवेचा त्रास टळत नाही. किंबहुना धडधाकट तरुणच जास्त वेळा आजारी पडतात, कारण ते पहिल्याच दिवशी भराभर चढून जातात.

३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात साधारण ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, असा सर्वमान्य संकेत आहे. गंगोत्री ते भोजबासा हा फरक ७०० मीटरचा आहे आणि मधे मुक्कामाची खात्रीची सोय नाही. म्हणून हर्षिलची एक रात्र आणि शक्य असल्यास गंगोत्रीच्या दोन रात्री हा चैनीचा भाग समजू नये. गंगोत्रीतील मोकळ्या दिवशी सूर्यकुंड आणि पांडवगुहेपर्यंत हळूहळू फिरून यावे. स्वामी सुंदरानंद यांच्या कुटीतील छायाचित्रांचे दालन उघडे असेल तर तेही अवश्य पाहावे. डिसेंबर २०२० मध्ये निधन पावलेल्या या संन्याशाने कित्येक दशके गंगोत्रीत राहून हिमनदीची छायाचित्रे काढली, आणि पुढे जे पाहायचे आहे त्याची तुलना करायला ती फार उपयोगी पडतात.

विरळ हवेचा त्रास कसा ओळखावा?

डोके दुखणे, मळमळ, भूक मरणे, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. ती दिसली तर त्या दिवशी आणखी वर जाऊ नये, पाणी प्यावे, विश्रांती घ्यावी. सहलीला आलेला माणूस ही लक्षणे लपवतो, कारण आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होईल असे त्याला वाटते. म्हणून गटप्रमुखाने रोज संध्याकाळी प्रत्येकाला स्पष्टपणे विचारावे. बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यात फेस येणे, सरळ रेषेत चालता न येणे, बोलणे असंबद्ध होणे ही लक्षणे प्राणघातक आजाराची आहेत. अशा वेळी सकाळ होण्याची वाट न पाहता त्या व्यक्तीला आधार देऊन खाली उतरवावे. ॲसिटाझोलामाइड हे औषध अनेक जण आधीपासून घेतात. ते निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास. थंडीवर उतारा म्हणून मद्य घेण्याची कल्पना तर अगदीच चुकीची आहे.

ज्येष्ठ नागरिक आणि लहान मुले यांना नेता येईल का?

वयाची अशी सरसकट मर्यादा सांगता येत नाही. साठी उलटलेली, रोज चालणारी अनेक माणसे ही वाट व्यवस्थित पार करतात. हृदयविकार, फुप्फुसांचे आजार किंवा नियंत्रणात नसलेला रक्तदाब असल्यास मात्र भावनेच्या भरात निर्णय घेऊ नये. चीडबासापर्यंत जाऊन त्याच दिवशी परतणे हाही मानाने करण्यासारखा कार्यक्रम आहे; हिमनदी तेथून जवळून दिसत नाही, पण दरीच्या माथ्यावर भागीरथीची शिखरे दिसतात. आपल्याला काय होते ते नीट सांगू न शकणाऱ्या लहान मुलांना भोजबासाच्या उंचीवर मुक्कामाला नेऊ नये असे आम्ही सुचवू. खेचर किंवा हमाल मिळेल की नाही हे त्या हंगामातील वनविभागाच्या नियमांवर अवलंबून असते, आणि भोजबासापुढचे चार-पाच किलोमीटर स्वतःच्या पायांनीच चालावे लागतात.

भोजबासाला राहण्याजेवण्याची सोय काय आहे?

गढवाल मंडल विकास निगमचे निवासस्थान आहे आणि लालबाबांचा आश्रम आहे. सामूहिक खोली, जाड रजया, डाळभात किंवा खिचडी, आणि रात्री लवकर निजानीज. वाटेत काही खायला मिळेल असे धरून चालू नये. दशम्या, चटणी, गूळ-शेंगदाणे, खजूर हा आपला नेहमीचा प्रवासी शिधा तेथे उत्तम चालतो.

गोमुखाच्या किती जवळ जाता येते? तेथे स्नान करता येते का?

शेवटचा अर्धा-पाऊण किलोमीटर मोठमोठ्या दगडांतून जातो आणि वनविभागाने मुखाच्या अलीकडे आखून दिलेल्या मर्यादेपुढे जाऊ नये. मर्यादा ओलांडून मुखाशी उभे राहून छायाचित्र काढण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळण्याचे कारण साधे आहे: मुखाचा कडा हा सतत वितळणारा, भेगा पडलेला बर्फ आहे आणि त्यातून खोलीएवढे तुकडे कसलीही पूर्वसूचना न देता सुटतात. दुपारनंतर वितळण्याचा वेग वाढतो, प्रवाह फुगतो, कड्यावर अडकलेले दगड मोकळे होतात. म्हणून पहाटे भोजबासाहून निघून सकाळी नऊ-दहापर्यंत परतीची वाट धरावी. जुलै २०१७ च्या पावसात मेरू हिमनदीच्या बाजूने आलेल्या दगडमातीने मुखाजवळची जमीनच बदलून गेली होती, हे ध्यानात घेतले तर जुन्या छायाचित्रांवरून वाट ठरवण्यात अर्थ नाही हे पटेल.

स्नानाविषयी लोक आग्रही असतात. पाणी शून्य अंशाच्या जरा वर असते, त्याला ओढ जबरदस्त असते आणि त्यातून बर्फाचे ढेकूळ वाहत येतात. अशा पाण्यात उतरणाऱ्याचे हातपाय काही मिनिटांत काम करेनासे होतात. काठावर बसून ओंजळभर पाणी डोळ्यांना लावावे आणि स्नान गंगोत्रीच्या घाटावर साखळी धरून करावे. घरी नेण्यासाठी पाणी भरायचे असल्यास तेही गंगोत्रीलाच भरावे; काशीहून रामेश्वराला नेत असलेली गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी करणाऱ्या नाथांच्या परंपरेतल्या माणसाने अठरा किलोमीटर वरच्या पाण्याच्या बाटलीसाठी जीव धोक्यात घालू नये.

प्रत्यक्ष हिमनदीवरून चालता येते का? तपोवन कसे आहे?

तपोवन हे शिवलिंगाच्या पायथ्याशी, सुमारे ४,४०० मीटरवर असलेले विस्तीर्ण गवताळ पठार आहे. पूर्वी तेथे जाणारे लोक गोमुखाच्या वरच्या बाजूने हिमनदी ओलांडत. बर्फ खचत गेल्याने ती वाट अधिकाधिक धोक्याची झाली आणि अलीकडे भोजबासाजवळ हाताने ओढायच्या ट्रॉलीतून भागीरथी ओलांडून पलीकडच्या काठाने वर जाण्याची पद्धत रूढ झाली आहे.

मार्गदर्शकाशिवाय हिमनदीवर पाऊल ठेवू नये. बर्फातील भेगा काही फुटांपासून कित्येक मीटर खोल असतात आणि ताज्या हिमाने किंवा दगडगोट्यांनी त्यांची तोंडे झाकलेली असतात. अनुभवी गिर्यारोहकही तेथे एकमेकांना दोराने बांधून, काठीने पुढची जमीन चाचपत चालतात. एवढ्यानेही प्रत्येक धोका टळत नाही: याच उत्तरकाशी जिल्ह्यात द्रौपदी का डांडा-२ या शिखराजवळ ४ ऑक्टोबर २०२२ रोजी झालेल्या हिमस्खलनात गिर्यारोहण प्रशिक्षणाच्या तुकडीतील २९ जण दगावले. भोजबासाला भेटलेला कोणी ‘मी दोनशे रुपयांत वरून फिरवून आणतो’ असे म्हणाला तर नम्रपणे नकार द्यावा.

सोबत काय घ्यावे?

घोट्याला आधार देणारे, आधीपासून वापरून सैलावलेले बूट; नवे बूट गंगोत्रीला प्रथम घालणे म्हणजे पायांना फोड आणणे. सुती बनियन घामाने भिजून अंगावरच गारठतो, त्याऐवजी लवकर वाळणारा आतला कपडा, त्यावर लोकरीचा, त्यावर वारा-पाऊस अडवणारा. कानटोपी, हातमोजे, अतिनील किरण रोखणारा काळा चष्मा, चेहऱ्याला लावायचे उन्हाचे मलम, टॉर्च आणि चालताना टेकायची काठी. गंगोत्रीपुढे मोबाइलवर विसंबून राहू नये, त्यामुळे ‘दोन दिवस संपर्क होणार नाही’ असे घरी सांगून ठेवावे. अन्यथा इकडे सगळे चिंतेत पडतात.

ही हिमनदी खरेच मागे सरकत आहे का? आणि त्याला पर्यटक जबाबदार आहेत का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जॉन ऑडेन यांनी १९३५ मध्ये या मुखाचा पहिला पद्धतशीर नकाशा केला. (कवी डब्ल्यू. एच. ऑडेन हे त्यांचे धाकटे बंधू.) तेव्हापासूनच्या मोजण्यांतून असे दिसते की १९३५ ते १९९६ या काळात मुख एक किलोमीटरहून अधिक मागे गेले, म्हणजे वर्षाला सरासरी सुमारे १९ मीटर. हा वेग दर दशकात सारखा राहिलेला नाही, त्यामुळे एखाद्या वर्षीचा आकडा घेऊन केलेली भाकिते सावधपणे वाचावीत. मुख मागे जाण्याइतकेच, किंबहुना त्याहून महत्त्वाचे म्हणजे बर्फाची जाडी कमी होणे. काठावरच्या त्या उंच हिमोढांकडे पाहिले की ते डोळ्यांना दिसते. वर साचलेल्या दगडमातीचे काम दुहेरी असते. पातळ थर ऊन शोषून बर्फ लवकर वितळवतो, तर जाड थर घोंगडीसारखा त्याला झाकून ठेवतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तितके सरळ नाही. मूळ कारण तापमानवाढ हे आहे आणि रोजच्या दीडशे माणसांच्या पावलांनी ३० किलोमीटरचा बर्फ वितळत नाही. मात्र जंगलातील वणवे, मैदानी प्रदेशातील जाळपोळ आणि वाहनांचा धूर यांची काजळी या बर्फापर्यंत पोहोचते. डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी चीडबासाजवळ तिची मोजणी केली आहे. पर्यटकांनी केलेले नुकसान प्रामुख्याने वेगळे आहे: तुटलेले भूर्जवन, प्लॅस्टिक आणि नदीकाठची घाण. त्याची जबाबदारी पूर्णपणे आपली आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे गरजेचे आहे. हिमनदी आटली म्हणजे गंगा तत्काळ कोरडी पडेल असे नाही. मैदानात वाहणाऱ्या गंगेचे बहुतांश पाणी पावसाचे आणि भूजलाचे असते. पण उन्हाळ्यात, पावसापूर्वीच्या महिन्यांत, वरच्या खोऱ्यातील भागीरथी बर्फाच्याच पाण्यावर चालते.

दरडी आणि पूर यांचा धोका किती आहे?

खरा आहे, आणि तो हिमनदीपेक्षा रस्त्यावर अधिक आहे. ५ ऑगस्ट २०२५ रोजी गंगोत्रीच्या वाटेवरील धराली गावात खीरगंगा या ओढ्यातून आलेल्या चिखलाच्या लोंढ्याने घरे आणि हॉटेले गाडली गेली, रस्ता तुटला आणि महाराष्ट्रातील पर्यटकांसह अनेक जण वर अडकून पडले. मुक्कामाची जागा निवडताना ओढ्याच्या तोंडाशी किंवा नदीच्या पात्रालगत बांधलेले हॉटेल टाळावे, मग खिडकीतून दिसणारे दृश्य कितीही सुंदर असो. संध्याकाळनंतर प्रवास करू नये. चालक ‘पुढे रस्ता बंद आहे’ म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नये.

इतके चालणे जमणार नसेल तर दुसरी कोणती हिमनदी पाहता येईल?

भारतात मोटारीतून उतरून पाहता येण्यासारखी सर्वांत भव्य हिमनदी म्हणजे झंस्कारमधील द्रांग-द्रुंग. कारगिल ते पदुम रस्त्यावर पेन्सी ला या सुमारे ४,४०० मीटरच्या खिंडीजवळून तिचे संपूर्ण वळण समोर दिसते, आणि ती गंगोत्रीपेक्षा बरीच शुभ्र आहे. काश्मिरात सोनमर्गजवळील थाजिवास तट्टूवरून गाठता येते. चालायचे आहे पण गर्दी नको असलेल्यांनी कुमाऊँमधील पिंडारीचा विचार करावा. खाती गावावरून जाणारी ती वाट दाट जंगलातून चढते आणि तिचे अखेरचे दर्शनस्थळ ३,६६० मीटरच्या आसपास, म्हणजे गोमुखापेक्षा खाली आहे.

युरोपच्या सहलीत स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख बहुतेक मराठी कुटुंबांच्या कार्यक्रमात असतेच. १९१२ पासून चालणारी रेल्वे ३,४५४ मीटरवर नेऊन सोडते आणि तेथून आल्प्समधील सर्वांत मोठी, ‘आलेच’ नावाची हिमनदी पायथ्याकडे वळत जाताना दिसते. गाडीतून काही तासांत एवढी उंची गाठल्याने तेथेही डोके जड होते. त्याचे खापर आदल्या रात्रीच्या जेवणावर फोडले जाते.

महाराष्ट्रात कधी हिमनद्या होत्या का?

होत्या, आणि त्यांच्या खुणा पाहण्यासाठी परवानाही लागत नाही. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, भारत दक्षिण ध्रुवाकडील गोंडवन खंडाचा भाग असताना, आजच्या विदर्भावर बर्फ होता. चंद्रपूरजवळ इरई येथे त्या बर्फाने वाहून आणलेले गोटे आणि खालच्या चुनखडकावर ओढलेले समांतर ओरखडे सापडले, आणि एकोणिसाव्या शतकातच भूवैज्ञानिकांनी त्यांची नोंद केली. गोमुखाला बर्फाच्या तळाशी आज जी घासाघीस चालू आहे, ती आपल्याला दिसत नाही. चंद्रपूरच्या उन्हात, जेथे मे महिन्यात पारा सहज ४५ अंशांच्या पुढे जातो, तिचे ओरखडे हात लावून पाहता येतात.